काल काय बदललं?

बिघडलेली वस्तू माझ्यासमोर ठेवा आणि तुम्ही चहा टाकायला जा. चहाला उकळी येईपर्यंत मी रोग सांगतो! ही बढाई नाही. नोएडातल्या ज्या कंपनीत मी नोकरी करतो तिथं माझं कामच ते आहे. कुणाचं सॉफ्टवेअर कोसळलं की मला बोलावतात. मी जातो, खुर्ची ओढतो, चष्मा पुसतो आणि एकच प्रश्न विचारतो, "काल काय बदललं?" बस्स! काल चालत होतं, आज चालत नाही, म्हणजे मधे कुणीतरी कशाला तरी हात लावलाय. तो हात शोधायचा. ऑफिसातली पोरं या वाक्याला इतकी टरकून असतात की त्यांनी माझ्या वाढदिवसाला ते वाक्य छापलेला चहाचा मगच मला भेट दिला. पांढरा मग, त्यावर ठसठशीत लाल अक्षरं, ‘काल काय बदललं?’

हा मग नीट लक्षात ठेवा. पुढे जे काही झालं ते होत असताना हा मग माझ्या घरातच होता.

दिवाळीत आम्ही ऑटोमॅटिक गाडी घेतली. सेकंडहँड, पण झकास! दिल्लीच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून माझा डावा पाय उजव्यापेक्षा जाड झाला होता. ऑटोमॅटिक म्हणजे सुख. गिअरचा दांडा ‘डी’वर ओढायचा, ब्रेक सोडायचा आणि पायाला पेन्शन द्यायची. गाडी आपले गिअर आपण बदलते. माझी बायको अबोली म्हणाली होती, "जुनी ऑटोमॅटिक नको रे. बिघडली तर कळणार कुणाला?" मी छाती पुढे काढून म्हणालो, "मी आहे ना!"

डिसेंबरात माझ्या सासूबाई, कुमुदिनीबाई, कोरेगावहून आल्या. वय चौऱ्याहत्तर, गुडघे दोन्ही कुरकुरणारे, आणि हातात चोवीस तास क्रोशाची सुई. सासूबाईंना उघडी वस्तू बघवत नाही. आठवड्याभरात आमच्या फ्रिजच्या हँडलला बाही आली, टीव्हीच्या रिमोटला झबलं आलं, मिक्सरला परकर आला. वायफायच्या डबीलाही त्या काहीतरी विणत होत्या, पण तिचे दिवे लुकलुकतात म्हणून तिला जाळीचं केलं. माझी मुलगी वल्लरी दहा वर्षांची. जन्म दिल्लीचा, मराठी अर्धीमुर्धी. ती म्हणायची, "आजी, बस करो ना यार, आता मला पण कव्हर घालशील!"

पण सासूबाई दिल्लीला विणायला आल्या नव्हत्या. त्या आल्या होत्या पानिपतला जायला.

त्यांच्या सासरी एक गोष्ट सांगतात. घराण्यातला सुभानजी नावाचा माणूस मराठ्यांच्या फौजेबरोबर उत्तरेत आला. तलवारबहाद्दर वगैरे नव्हता. नालबंद होता, घोड्यांना नाल ठोकायचा. म्हणतात की लंगडणाऱ्या घोड्याच्या पायावर तो नुसता तळहात ठेवायचा आणि काटा कुठं आहे ते सांगायचा. संक्रांतीच्या दिवशी पानिपतावर लढाई झाली आणि सुभानजी परत आला नाही. कुणी त्याला मेलेला पाहिला नाही, म्हणून घरानं तो मेला असं कधी धरलंच नाही. तेव्हापासून दर संक्रांतीला त्या घरात तिळगुळाची एक वडी त्याच्या नावानं बाजूला काढतात. आल्यावर खाईल म्हणून!

"अडीचशेहून जास्त संक्रांती झाल्या," सासूबाई म्हणाल्या. "यांची फार इच्छा होती, एकदा वडी तिथंच नेऊन द्यायची. ते गेले. आता माझे गुडघे पुढच्या वर्षी मला कुठं नेतील असं वाटत नाही. संक्रांतीलाच, चौदा जानेवारीला जाऊ, पंधराला माझं पुण्याचं विमान आहे."

"आई, तुम्ही बिलकुल काळजी करू नका," मी म्हणालो. "नोएडा ते पानिपत, दोन-अडीच तास. आपली ऑटोमॅटिक आहे!"

सासूबाई एवढ्या खूश झाल्या की त्यांनी बारा तारखेला माझ्या गाडीला आहेर केला. दिल्लीच्या थंडीत गिअरचा दांडा बर्फासारखा लागतो हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी दांड्याच्या डोक्यासाठी चक्क कुंची विणली होती! बाळाला घालतात तशीच. निळी लोकर, वर गोंडा, बटण दाबायला एक भोक, आणि खाली दोन बोटं रुंद झालर. जावई म्हणून माझंही काही कर्तव्य होतं. मी ती कुंची स्वतःच्या हातानं चढवली. झालर लोंबत होती, बरी दिसेना, म्हणून दांड्याभोवतीच्या खाचेत बोटानं दाबून दाबून नीट खोचली. अबोलीचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन कोपरेसुद्धा आत सारले. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेरा तारखेला भोगी. सकाळी सासूबाईंना शेजारी बसवून मी भोगीच्या भाजीचं सामान आणायला निघालो. सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडलो आणि गाडी किंचाळली!

खरंच सांगतो, किंचाळली! वेग ताशी वीस, आणि आवाज विमान उडवल्यासारखा. मी घाबरून आणखी पाय दिला, तर गाडीने एक हिसका मारला, सासूबाईंचा चष्मा नाकावरून हनुवटीवर आला, आणि मग ती जराशी शांत होऊन पुन्हा घोंघावायला लागली. चाळीसच्या वर नेलं की तेच बोंबलणं. सिग्नलला थांबलो, पुन्हा निघालो, पुन्हा किंकाळी, पुन्हा हिसका.

"प्रसन्नराव, हिला बरं नाही का?" सासूबाईंनी विचारलं.

मी डॅशबोर्डकडे पाहिलं. एरवी जिथं ‘डी’ असतो तिथं ‘एम-वन’ असं उमटलं होतं. हिसका बसला की ‘एम-टू’ व्हायचं. माझ्या अंगातला तज्ज्ञ ताडकन उठून बसला. एरर कोड! एम-वन म्हणजे पहिला इशारा, एम-टू म्हणजे गंभीर!

घरी आल्यावर मी इंटरनेट उघडलं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या दुखण्यांवर जगात इतकं साहित्य आहे, मला कल्पनाच नव्हती. मी जितकं वाचत गेलो तितका नतमस्तक होत गेलो. आपण ज्याच्यावर हात ठेवून पाणीपुरीच्या गाडीपर्यंत जातो, त्या दांड्याच्या खाली केवढं विश्व आहे! तेलाच्या दाबावर चालणाऱ्या झडपा, एकमेकींना धरणाऱ्या आणि सोडणाऱ्या चकत्या, आणि या सगळ्यांवर हुकूम सोडणारा एक चिमुकला कॉम्प्युटर. वेग किती, चढ किती, पाय किती दाबलाय, सगळं बघून तो दर क्षणाला ठरवतो की आता कुठला गिअर. माझ्या मॅनेजरला दोन आठवड्यांत एक निर्णय होत नाही! मी पार भारावून गेलो. भारावलेल्या अवस्थेतच मी ठरवलं की तो कॉम्प्युटर गेला.

एनसीआरमधल्या, म्हणजे दिल्ली आणि आसपासच्या मराठी लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिथं मी लक्षणं टाकली. पाच मिनिटांत गुरुग्रामहून उल्हासचा फोन आला. उल्हास माझा कॉलेजचा मित्र, स्वतः मेट्रोने फिरतो, पण गाड्यांवर व्याख्यानं देतो.

"अरे, आवाज कसा येतो? घर्रर्र की घूंऽऽ?"

"आधी किंऽऽ, मग धप्प, मग घूंऽऽ."

"धप्प आहे? मग गेली!" उल्हास म्हणाला. "टॉर्क कन्व्हर्टर. बिलकुल शंभर टक्के. माझ्या साडूच्या गाडीला धप्पच व्हायचं."

मी एक स्कॅनर मागवला. गाडीला जोडला की तो मोबाइलवर दोष सांगतो. दोन तासांत आला. जोडला. मोबाइलवर हिरवी खूण उमटली, कोणताही दोष आढळला नाही.

"चला, सुटलो," अबोली म्हणाली.

"कसले सुटलो? स्कॅनरच डिफेक्टिव्ह आहे!"

मग मी गाडीच्या कॉम्प्युटरला ताळ्यावर आणायला अर्धा तास बॅटरीची वायर काढून ठेवली. त्याने एवढंच झालं की गाडीचं घड्याळ बाराला अडकलं आणि रेडिओ कसला तरी गुप्त क्रमांक मागायला लागला. एम-वन जागच्या जागी! शेवटी सर्व्हिस सेंटरला फोन केला. तिथला माणूस निम्मं ऐकून म्हणाला, "सर, पूरा गियरबॉक्स बदलना पड़ेगा. तीन हफ्ते वेटिंग है."

अबोलीने माझ्यासमोर तो मग ठेवला. त्यात चहा होता.

"प्रसन्न, तू ऑफिसात काय विचारतोस? काल काय बदललं?"

"विचारलंय ना!" मी चिडून म्हणालो. "यादी केलीय. तापमान सहा अंशांनी घसरलं. धुकं वाढलं. पेट्रोल दुसऱ्या पंपावर भरलं. टायरमधली हवा अर्ध्या पॉइंटने कमी. बाकी गाडीला कुणी बोटसुद्धा लावलेलं नाही!"

यादी धरून मी संध्याकाळपर्यंत एक अहवाल तयार केला. चौदा पानं, आलेखांसकट. निष्कर्ष, गिअरबॉक्स निकामी. त्या अहवालाकडे बघून मला स्वतःबद्दलच थोडा आदर वाटला.

आतल्या खोलीत सासूबाई वड्या थापत होत्या. त्यांना सगळं ऐकू जात होतं. अबोलीने सांगितलं, "आई, गाडी नाही तर टॅक्सी करू. तू काळजी करू नकोस." त्यांनी मान हलवली. एक वडी उचलून छोट्या स्टीलच्या डबीत ठेवली, झाकण लावलं आणि डबी पदराच्या टोकात बांधली. तेव्हा मात्र मला वाईट वाटलं. अडीचशे वर्षं थांबलेला माणूस, आणि त्याची वडी माझ्या पार्किंगमध्ये अडकलेली.

चौदा तारखेची सकाळ उजाडली ती धुक्यातच. टॅक्सीवाल्याने सातला फोन केला, "सर, कोहरा बहुत है, नहीं हो पाएगा." दुसऱ्याने फोन उचललाच नाही. पानिपतकडे जाणारी रेल्वे चार तास उशिरा. अबोलीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यात सगळं होतं, जुनी ऑटोमॅटिक, मी आहे ना, आणि आमचं लग्नसुद्धा. विश्वास तर पानिपतात केव्हाच गेला होता. आता आम्ही तो परत आणायला निघणार होतो.

"चला," मी म्हणालो. "चाळीसच्या वेगाने जाऊ. पण नेतो!"

निघालो. फाटकाशी किंकाळी, पुढे हिसका, मग घूंऽऽ. रिंग रोडवर रिक्षा आम्हाला मागे टाकत होत्या. एका सायकलवाल्याने वळून पाहिलं. वल्लरी मागे कानांवर हात ठेवून बसली होती. सासूबाई माझ्या शेजारी पदराची गाठ मुठीत धरून. दर सिग्नलला गाडी किंचाळली की त्या हलक्या आवाजात म्हणायच्या, "हो गं बाई, हो, जायचंय." दिल्ली ओलांडायलाच आम्हाला अडीच तास लागले. हद्द संपून हरियाणा लागलं, आणि कुंडली गावाच्या पुढे मला जळका वास आला. तो वास शेजारच्या विटांच्या ट्रकचा होता हे मला आता माहीत आहे. तेव्हा मला वाटलं, झालं, चकत्या जळाल्या! मी गाडी सरळ रस्त्याच्या कडेला उतरवली.

समोर एक चहाची टपरी होती, आणि तिला लागून पत्र्याची शेड. बोर्ड नाही, काही नाही. शेडमध्ये एक गाडी पोट उघडं टाकून उभी, आणि तिच्याशेजारी पाट्यावर बसून एक म्हातारा शेकोटीवर हात शेकत होता. सत्तरीचा असेल. डोक्याला मफलर, अंगावर दोन स्वेटर, आणि हात मात्र एवढे मोठे की ते दुसऱ्याच कुणाचे वाटावेत.

"ये मेकॅनिक हैं?" मी टपरीवाल्या बाईंना विचारलं.

"हाँ जी. ताऊ हैं. दिखा दो," बाई म्हणाल्या. त्यांचं नाव राधा, हे नंतर कळलं.

मला वाटलं, म्हाताऱ्याला ऑटोमॅटिक काय कळणार? आधी नीट समजावून सांगू. मी अहवाल काढला आणि सुरू झालो. "देखिए ताऊजी, समस्या टॉर्क कन्व्हर्टर की है. एम-वन कोड आता है, फिर धप्प होता है, फिर एम-टू..." मी आवाजांच्या नकला केल्या. किंऽऽ केलं, धप्प केलं, घूंऽऽ केलं. उल्हासच्या साडूचा किस्सा सांगितला. ताऊ माझ्या तोंडाकडे मोठ्या कौतुकाने बघत होता. असा श्रोता मला ऑफिसात आजवर मिळाला नव्हता! दहा-बारा मिनिटं झाली. घसा कोरडा पडला म्हणून थांबलो, तेव्हा राधाबाईंनी माझ्या हातात चहा दिला.

"भैया, किसको बता रहे हो? ताऊ को सुनता नहीं. जनम से."

मी चहाचा घोट घेतला. तो इतका गरम होता की मला बोलताच आलं नाही. त्या दिवशीची ती पहिली चांगली गोष्ट.

मी अहवाल ताऊच्या हातात दिला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला, एकेक पान उलटून आलेख बघितले, मान डोलावली. मग गाडीचं दार उघडून माझ्या शेजारच्या सीटवर ती चौदा पानं नीट अंथरली आणि त्यांच्यावर बसला. त्याच्या पँटीचं ग्रीस सीटला लागू नये म्हणून! अहवालाचा तेवढा एकच उपयोग आजतागायत झालेला आहे.

सासूबाई मागे बसल्या. "मला बघू द्या," म्हणाल्या. अबोली आणि वल्लरी टपरीशी थांबल्या. ताऊने खूण केली, चालव.

मी शेडच्या मागच्या मोकळ्या जागेत गाडी चालवायला लागलो. किंचाळली. ताऊला अर्थातच काही ऐकू आलं नाही. त्याने चप्पल काढून उघडा पाय गाडीच्या तळाला टेकवला. एक हात डॅशबोर्डवर ठेवला. डोळे मिटले. हिसका बसला तेव्हा त्याने दोन बोटं वर केली, म्हणजे दुसरा. मी थांबलो, पुन्हा निघालो, तेव्हा एक बोट. हिसका, दोन बोटं. तो गिअर मोजत होता! पायाच्या तळव्याने! मी काल दिवसभर जे आवाज ऐकून, वाचून, जोडून, तोडून शोधत होतो, ते हा माणूस बिनआवाजाचं नुसतं अंगात घेत होता. माझ्या अंगावर काटा आला. इतका शांत चेहरा मी कुठल्या मीटिंगमध्ये कधी पाहिलेला नाही. खरं सांगू, मला तेव्हा गाडीचं काय होणार याचा विसर पडला. वाटलं, हे चालू राहू दे, मला बघू दे.

मग त्याने तो मोठा तळहात गिअरच्या दांड्यावर ठेवला, कुंचीवर. आणि हसला!

खूण केली, थांबव. मी थांबवली. त्याने डोळे उघडले, वाकला, दोन बोटांच्या चिमटीत कुंचीची झालर पकडली आणि पायातला काटा काढावा इतक्या हलक्या हाताने ती खाचेतून बाहेर ओढली. थोडी, आणखी थोडी, कोपऱ्यातली दाबून बसवलेली शेवटची निळी लोकर. मग दांडा बोटाने उजवीकडे नुसता ढकलला.

खट्!

डॅशबोर्डवरचं एम-वन गेलं. ‘डी’ आला.

ताऊने मला खुणांनी सगळं दाखवलं आणि खिडकीशी येऊन उभ्या राहिलेल्या राधाबाईंनी त्याचं हिंदी केलं. दांड्याला जायला दोन वाटा आहेत. सरळ वाट ‘डी’ची. तिथं गाडी स्वतः गिअर बदलते. तिच्या शेजारी दुसरी वाट ‘एम’ची. तिथं गेलात तर गाडी म्हणते, मालक, आता गिअर तुम्ही बदला. झालरीच्या बोळ्याने सरळ वाट अडली होती, दांडा शेजारच्या वाटेत घसरत होता. म्हणजे एम-वन पहिला गिअर, आणि एम-टू दुसरा. कसला एरर आणि कसला कोड!

"गाड़ी बेचारी पूछती रही, साहब, गियर बदलूँ? आपने बताया ही नहीं," राधाबाई म्हणाल्या. "फिर चिल्ला चिल्ला के खुद ही दूसरा डाल लेती थी."

मी गाडीतून उतरलो. अबोलीही टपरीवरून येऊन समोर उभी होती. तिने फार हळू आवाजात विचारलं, "प्रसन्न, परवा काय बदललं?"

पण माझं लक्ष सासूबाईंकडे होतं. त्या मागच्या सीटवर तशाच बसून होत्या, चेहरा एवढासा झालेला. "म्हणजे माझ्या कुंचीनंच केलं की सगळं," त्या म्हणाल्या. "मीच माझी वाट अडवली."

आयुष्यात काही क्षण असे येतात की तज्ज्ञपणा खाली ठेवावा लागतो. "नाही आई," मी म्हणालो. "कुंची तुमची, पण खोचली मी. स्क्रू ड्रायव्हर लावून. तुम्ही विणलंत ते लोंबत होतं, तसंच ठेवलं असतं तर काही झालं नसतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ताऊकडे. ताऊ कुंची हातात घेऊन उलटसुलट बघत होता, टाके मोजत होता, गोंडा बोटाने उडवत होता. सासूबाईंनी खुणेनं सांगितलं, राहू दे तुला. तो एकदम लहान मुलासारखा खुलला. कोपऱ्यात जॅकचा लोखंडी दांडा होता, थंडीत हाताला चावणारा. त्याने ती कुंची त्या दांड्याला चढवली, मूठ धरून बघितली आणि सासूबाईंना अंगठा दाखवला. मी पाकीट काढलं तर त्याने हात हलवून ते परत खिशात घालायला लावलं. एवढ्याशा कामाचे कसले पैसे!

तेव्हा सासूबाईंनी पदराची गाठ सोडली. डबी उघडली. आत ती एकच वडी होती.

"आई!" अबोली दचकली. "अगं, ती सुभानजींची! मोठ्या डब्यात दुसऱ्या आहेत ना."

सासूबाईंनी ऐकलं नाही. गुडघ्यांवर हात टेकत त्या ताऊसमोर गेल्या आणि त्या मोठ्या तळहातावर वडी ठेवली. "तिळगूळ घ्या, गोड..." असं सवयीनं म्हणायला लागल्या आणि थांबल्या. मग नुसत्याच हसल्या. ताऊने वडी कपाळाला लावली, तोंडात टाकली आणि डोळे मिटून चघळत राहिला, मघाशी गिअर मोजत होता तसाच.

"अडीचशे वर्षं ठेवत होतो," सासूबाई अबोलीला म्हणाल्या. "आज पोचली."

वल्लरीने माझी बाही ओढली. "बाबा, आजी रो क्यों रही है?" खरं तर मलाच कुणी ते विचारू नये म्हणून मी मफलर नीट करत होतो.

तिथून पुढे गाडी कशी गेली म्हणून सांगू! ऐंशीच्या वेगात आवाज नाही. एकामागून एक गिअर बदलत होते आणि ते आतल्या आत कधी बदलले हे मला कळतही नव्हतं. मी प्रत्येक गिअरला मनातल्या मनात नमस्कार करत होतो. मुरथलच्या प्रसिद्ध पराठ्यांसाठीसुद्धा कुणी थांबू दिलं नाही. पानिपतला पोचलो तेव्हा धुकं विरलं होतं. स्मारकाजवळ सकाळची गर्दी ओसरलेली, दोन-चार भगवे झेंडे, कुठून कुठून आलेली मराठी माणसं हळू आवाजात बोलत होती. पुढे सपाट जमीन, मोहरीची शेतं. इथं लाखभर माणसं कापली गेली म्हणतात, आणि आता एवढं शांत! मी आयुष्यात प्रथमच कुणालाही काहीही समजावून सांगितलं नाही.

सासूबाईंनी मोठ्या डब्यातून एक वडी काढली आणि चौथऱ्याशी ठेवली.

"तुझी वाटेत दिली बरं का, सुभानजी," त्या म्हणाल्या. "ही बाकीच्यांची."

मग त्यांनी आम्हाला तिथंच तिळगूळ वाटला. अबोलीला दिला, वल्लरीला दिला, दोघींना म्हणाल्या, "गोड बोला." माझ्या हातावर वडी ठेवली आणि काहीच बोलल्या नाहीत.

"आई, मला नाही म्हणालात? गोड बोला म्हणून?"

"गोडाचं पुढं बघू, प्रसन्नराव," सासूबाई म्हणाल्या. "आधी जरा कमी बोला."

दुसऱ्या दिवशी त्या पुण्याला गेल्या. जाताना स्वयंपाकघरात माझ्यासाठी काहीतरी ठेवलंय असं म्हणाल्या होत्या. मी जाऊन पाहिलं. माझा तो ऑफिसचा मग होता, त्याला नवी निळी कुंची, वर गोंडा, कानापाशी बटण. अक्षर एकही दिसत नाही. रोज तोच घेऊन ऑफिसला जातो. आणि झालर मी कुठंही खोचलेली नाही.